लेकीची आर्केड स्टिक आणि गटाचं कर्ज



मागच्या बैठकीत आमच्या एका ताईंनी लेकीच्या आर्केड स्टिकसाठी अंतर्गत कर्ज मागितलं. स्ट्रीट फायटर, टेकन असे मारामारीचे कॉम्प्युटर गेम खेळायची, दांडा आणि बटणं असलेली ही पेटी. आम्ही हसलोच. ताई म्हणाल्या, "मुलाने मागितलं असतं, तर हसला असतात का?" आम्ही गप्प झालो.

मग लेकीलाच बोलावलं. तिने नीट सांगितलं. १९९१ साली जपानच्या कॅपकॉम कंपनीने स्ट्रीट फायटर टू आणला. त्यात तीन बटणं ठोशांची, तीन लाथांची. म्हणून असल्या गेमसाठी पेटीवर निदान सहा बटणं हवीत. पेटी जड हवी, खेळताना सरकता कामा नये. आपल्या कॉम्प्युटरवर चालते का, हे घेण्याआधी विचारावं.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे भाग बदलता आले पाहिजेत. सान्वा या जपानी कंपनीची ३० मिलिमीटरची बटणं नुसती दाबून बसतात. वायरीही खोचायच्या, डाग द्यावा लागत नाही. दांड्याखालची चौकोनी चौकट काढून अष्टकोनी बसवता येते. आपण शिलाई मशीनची बॉबिन केस बदलतो, तसंच की!

म्हणजे आधी साधी पेटी घ्यायची, चांगले भाग मागाहून एकेक बसवायचे. आम्ही साध्या पेटीपुरतं कर्ज मंजूर केलं, हप्ताही ठरवला.

मैत्रिणींनो, लेकीने काही वेगळं मागितलं, तर हसण्याआधी तिला बैठकीत बोलू द्या.