दम हाच दारूगोळा

 

आजचा विषय आहे मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे एमएमए. निवृत्त फौजी माणूस पिंजऱ्यातल्या लढतीवर का बोलतोय, असं काहींना वाटेल. मी इन्फन्ट्रीत आयुष्य काढलं. पलटणीत पोरांना जे शिकवायचो, तेच इथे लागू पडतं. दम हा दारूगोळा आहे. तो मोजकाच असतो आणि मोजूनच खर्चायचा असतो.

आधी हिशोब समजून घेऊ. व्यावसायिक लढत साधारणपणे ३ फेऱ्यांची असते, अजिंक्यपदाची ५ फेऱ्यांची. फेरी ५ मिनिटांची, मध्ये १ मिनिट विश्रांती. पण पूर्ण ताकदीचा झपाटा शरीर दहा-पंधरा सेकंदच देऊ शकतं. तसाच जोर लावत राहिलात, तर मिनिटाभरात हात शिशासारखे जड होतात. बाकीची सगळी लढत श्वासावर चालते. म्हणून कधी तुटून पडायचं आणि कधी नुसतं अंतर राखायचं, हे ठरवणं म्हणजेच डावपेच.

याचं उत्तम उदाहरण म्हणजे कॉनर मॅकग्रेगर आणि नेट डियाझ यांच्या २०१६ मधल्या दोन लढती. दोन्ही लास वेगासमध्ये झाल्या, दोन्ही ७७ किलो गटात. मॅकग्रेगर तेव्हा ६६ किलो गटाचा विजेता होता, म्हणजे समोरचा अंगाने मोठा होता. ५ मार्चच्या पहिल्या लढतीत मॅकग्रेगरने सुरुवातीपासून जबरदस्त ठोसे फेकले. पहिली फेरी त्याची होती. पण लक्षात घ्या, हुकलेला ठोसा बसलेल्या ठोशापेक्षा जास्त दमवतो, कारण तो अंगालाच आवरावा लागतो. डियाझ मार खात उभा राहिला. दुसऱ्या फेरीत मॅकग्रेगर मंदावला, डियाझचे ठोसे बसू लागले, आणि शेवटी डियाझने मागून गळा आवळून लढत संपवली.

२० ऑगस्टला दोघे पुन्हा भिडले. या वेळी मॅकग्रेगरने डियाझच्या पुढच्या पायावर लाथा मारून त्याची चाल मोडली. पहिल्या दोन फेऱ्यांत डियाझ तीनदा खाली पडला, तरी मॅकग्रेगर त्याच्यामागे जमिनीवर गेला नाही. मागे सरकून त्याने डियाझला उठू दिलं. जमिनीवरची झटापट हा डियाझचा मुलूख होता. तिसऱ्या फेरीत डियाझने मॅकग्रेगरला जाळीशी कोंडून बेदम ठोकलं. पहिल्या लढतीतला मॅकग्रेगर तिथे संपला असता. या वेळी मात्र शिल्लक होती. चौथ्या फेरीत तो सावरला आणि पाच फेऱ्यांअखेर पंचांच्या बहुमताने जिंकला. दोन पंचांनी ४८-४७ गुण दिले, तिसऱ्याने ४७-४७. माणूस तोच, समोरचाही तोच. फरक खर्चाच्या हिशोबाचा होता.

आता आपल्याकडचं बघू. उत्तराखंडचा अंशुल जुबली २१ ऑक्टोबर २०२३ रोजी अबू धाबीत माइक ब्रीडनशी लढला. पहिल्या दोन फेऱ्यांत त्याचं पारडं जड दिसत होतं, पण तिसरीत तो नॉकआउट झाला. गड्याची हिंमत कमी नव्हती. पण या खेळात गुणांची आघाडी म्हणजे विजय नव्हे. चौकी जिंकल्यावरच प्रतिहल्ल्याची तयारी करावी लागते, हे फौजेत पहिल्या वर्षी शिकवतात.

मग सराव कसा करावा? स्पारिंगच्या प्रत्येक फेरीला एक काम ठरवून द्या: दोन मिनिटं अंतर राखणं, एक झपाटा, मग पुन्हा श्वास जागेवर आणणं. जाळीशी धरलं असेल तर हाताच्या जोराने दाबू नका, अंगाचं वजन टाका. तालमीतला जुना पैलवान हेच करतो. अधूनमधून दर फेरीला ताज्या दमाचा जोडीदार आत पाठवा, म्हणजे थकल्यावर डोकं चालतं की नाही ते कळेल. आणि विश्रांतीचं मिनिट भाषणात घालवू नका. आधी श्वास, मग पाणी, मग एकच सूचना. धापा टाकणाऱ्या जवानाला तीन हुकूम दिले तर तो एकही पाळत नाही.

शेवटचा मुद्दा मुलांच्या आईवडिलांसाठी आणि वस्तादांसाठी. थकलेला माणूस हात खाली सोडतो, आणि मग डोक्यावर बसणारा ठोसा त्याला दिसतही नाही. रोज पूर्ण जोराने स्पारिंग करणारी पोरं मर्द ठरत नाहीत, ती मेंदूला रोज थोडी इजा करून घेतात. वजन उतरवण्यासाठी अंगातलं पाणी काढून लढायला उतरणं तर आणखी धोक्याचं. म्हणून जोराचं स्पारिंग मोजकं ठेवा. पोराचे पाय थांबले, उत्तर देणं बंद झालं, की टॉवेल फेका. माघार घेऊन पलटण वाचवणारा कमांडर भित्रा नसतो. उद्याच्या लढाईला माणसं त्याच्याकडेच उरतात.

दम राखा, डोकं शाबूत ठेवा. जय हिंद.