सोन्याच्या खाणीचे भाग आणि भागधारकाचा धीर

(आपल्या ज्ञातिसंघाच्या रेवदंडा येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



संघाच्या व्यासपीठावरून विद्यार्थ्यांचा गुणगौरव, शिष्यवृत्तीचा निधी, वधूवरांच्या नोंदी अशा विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे. त्या मानाने आमचा आजचा विषय आपणांस रुक्ष वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या घरांत सोन्याच्या खाणीच्या कंपन्यांचे भाग पंधरा-पंधरा, वीस-वीस वर्षे पडून आहेत आणि ज्या घरांत त्यांवरून बापलेकांत अबोला धरला गेला आहे, अशी घरे आपल्या ज्ञातीत नाहीत, असे कोणी छातीठोकपणे म्हणू शकेल काय? मुलगा म्हणतो, “विकून मोकळे व्हा.” वडील म्हणतात, “एवढी वर्षे थांबलो, आता काठाशी आल्यावर का सोडू?” आणि ज्यांना कोणी काही विचारीतच नाही, त्या घरातल्या बायका दोघांची ताटे वाढीत गप्प असतात. दोघेही वेडे नाहीत. म्हणूनच या प्रश्नाचा शांतपणे विचार झाला पाहिजे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सोने घेणे निराळे आणि सोन्याच्या खाणीचा भाग घेणे निराळे. पाटली घरात आहे तोवर ती सोनेच आहे. भाव उतरला तरी तिचे वजन उतरत नाही. भाग म्हणजे सोने नव्हे. जमिनीच्या पोटातून सोने काढू पाहणाऱ्या उद्योगातील तो एक हिस्सा होय. टनभर दगडामागे एक ते पाच ग्रॅम सोने निघाले तरी आज खाण चालविण्याजोगी ठरू शकते, एवढे हे काम चिकाटीचे आहे. त्यासाठी जमिनीत खोल छिद्रे पाडून नमुने तपासावे लागतात, जमीन मिळवावी लागते, सरकारी परवाने व संमत्या आणाव्या लागतात, पाणी, वीज आणि दगड दळण्याची यंत्रे यांची सोय करावी लागते. शोध लागल्यापासून पहिली लगड हाती येईपर्यंत दहा ते वीस वर्षे लोटणे या धंद्यात नवलाचे नाही. मधल्या काळात कंपनीस उत्पन्न नसते. म्हणून ती नवे भाग काढून पुन्हा पुन्हा भांडवल उभारते आणि जुन्या भागधारकाचा हिस्सा दुधात पाणी पडावे तसा पातळ होत जातो. सन २००० च्या सुमारास दहा ग्रॅम सोन्याचा भाव साडेचार हजार रुपयांच्या आसपास होता. २०२५ साली तो एक लाखाच्या वर गेला. पाटली घेणाऱ्यास ही वाढ बसल्या जागी मिळाली. भाग घेणाऱ्यास ती मिळेलच असे नाही. सोन्याचा भाव चढल्याची बातमी वाचावी आणि आपल्या हातातील सोन्याच्या कागदाची किंमत मात्र जागची हलू नये, या विरोधातच भागधारकाच्या वैफल्याचे मूळ आहे.

आपल्या देशाची स्थिती पाहा. वर्षाला सातशे-आठशे टन सोने वापरणारा हा देश स्वतःच्या खाणींतून जेमतेम दीड-दोन टन सोने काढतो. त्यातील बहुतेक सोने रायचूर जिल्ह्यातील हट्टी येथील खाणीचे; पण ती कर्नाटक सरकारची, तिचे भाग आपणांस मिळत नाहीत. म्हणून मुंबईच्या शेअर बाजारात नोंदलेल्या डेक्कन गोल्ड माइन्स या कंपनीकडे सामान्य गुंतवणूकदाराचे लक्ष गेले. या कंपनीने २००३ पासून सोन्याचा शोध चालविला. हावेरी जिल्ह्यातील गणजूर येथे सोने असल्याचे तिच्या शोधात दिसून आले आणि खाणपट्ट्यासाठी अर्ज झाला. परंतु २०१५ साली खनिजविषयक कायद्यात दुरुस्ती होऊन खाणी लिलावाने देण्याचे धोरण आले. ज्यांनी आधीच शोध केला होता त्यांचे हक्क एका कलमाने तेवढे राखले गेले. पुढे २०२१ च्या दुरुस्तीने ते राखलेले हक्कही, जेथे पट्टा मिळालेला नव्हता तेथे, संपुष्टात आले आणि शोधाचा खर्च परत देण्याची तेवढी तरतूद उरली. त्यानंतर कंपनीने आंध्र प्रदेशातील जोन्नगिरी येथील खाणीचा पट्टा असलेल्या कंपनीत हिस्सा घेतला. येथे आम्हांस कोणाच्या माथी दोष मारावयाचा नाही. दाखवावयाचे ते इतकेच की, २००५ साली भाग घेऊन गणजूरची वाट पाहत बसलेल्या मनुष्याची वाट ज्या गावी जात होती ते गावच मध्यंतरी बदलले. आता तो जोन्नगिरीची वाट पाहत असेल तर ते जुन्या धीराचे पुढचे पाऊल नव्हे. तो एक नवा निर्णय आहे आणि तो नव्याने, डोळे उघडे ठेवून, केला पाहिजे.

यावर कोणी कोलारचे उदाहरण देईल, आणि ते खरोखरच देण्याजोगे आहे. म्हैसूर गोल्ड मायनिंग कंपनी १८८० साली लंडनात स्थापन झाली. तीन-चार वर्षांत बहुतेक भांडवल दगडात जिरले, सोने दिसेना. उरलेले पैसे वाटून घ्यावेत की आणखी एकदा खणावे, असा प्रश्न भागधारकांपुढे आला. जॉन टेलर आणि मंडळींच्या सल्ल्याने खणण्याचे ठरले, प्लमर नावाचा जाणता खाणकामगार धाडण्यात आला, आणि पूर्वजांनी खणून सोडलेल्या जुन्या विवरांचा माग काढीत त्याने खाली उतरून चॅम्पियन शिरा गाठली. पुढे त्या क्षेत्रातून २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाणी बंद होईपर्यंत सुमारे आठशे टन सोने निघाले. धीराचे याहून गोड फळ कोणते?

परंतु त्याच सुमारास निलगिरीच्या पायथ्याशी, वायनाडच्या भागात देवाला आणि पंदलूर येथे काय घडले, तेही सांगितले पाहिजे. १८७९ ते १८८१ या काळात तेथील सोन्यासाठी लंडनात कंपन्यांचे पेव फुटले. त्यांचे भागधारकही थांबले. त्यांनीही सभांतून आशेची भाषणे ऐकली. थोड्याच वर्षांत त्यांतील बहुतेक कंपन्या लयास गेल्या. कोलारच्या भागधारकांपाशी धीर होता आणि वायनाडच्या भागधारकांपाशी नव्हता, असे नाही. कोलारच्या दगडात सोने होते. वायनाडात ते खर्च भागविण्याइतके नव्हते. धीराने सोने निर्माण होत नाही. असलेले सोने हाती येईपर्यंत टिकून राहता येते, एवढेच धीराचे सामर्थ्य आहे. आणि कोलारच्या मंडळींचा धीरही आंधळा नव्हता: जाणता मनुष्य पाठविला, खणण्याची जागा ठरविली, आणि शिल्लक होती तेवढाच पैसा पणास लावला.

धीर म्हणजे काय हे रेवदंड्याच्या मनुष्यास दुसऱ्याने शिकवावयास नको. येथून चौलपर्यंत पसरलेल्या नारळी-पोफळीच्या वाड्या हे धीराचेच काम आहे. माड धरावयास सहा-सात वर्षे, कधी त्याहून अधिक लागतात. आजा लावतो आणि नातू खातो. पण वाडीवाला नुसता वाट पाहत नाही. तो शिंपणे करतो, खत घालतो, भुंगा लागला की झावळीवरून ओळखतो, आणि वांझ निघालेले झाड काढून त्या जागी दुसरे लावतो. शिवाय ते झाड अंगणात उभे असते. घरातल्या लहान पोरालाही ते दिसते. पेटीतील कागद, अथवा डिमॅट खात्यातील आकडा, कोणाला दिसतो? म्हणूनच भागधारकाचे थांबणे हे वाडीवाल्याच्या थांबण्यासारखे आहे, असे म्हणून मनाची समजूत काढणे बरोबर नाही. ते तसे करून घ्यावे लागते.

दुसरे एक उदाहरण याच किनाऱ्याचे आहे. १४७० च्या आसपास अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी चौल बंदरात उतरला. त्याचे स्मारक येथे रेवदंड्यास उभे आहे. तो विकण्यासाठी एक घोडा घेऊन आला होता आणि त्यापायी शंभर रूबल खर्ची पडल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. जुन्नरास तेथील अधिकाऱ्याने घोडा हिरावून घेतला, तो मोठ्या प्रयासाने परत मिळाला. वर्षभर पोसून अखेर बिदर येथे त्याने तो विकला. त्या वर्षाच्या चाऱ्यापाण्याचा खर्चही त्याने टिपून ठेवला. घोड्याचा हा मोठा गुण की, तो रोज चारा मागतो आणि थांबण्याची किंमत मालकास विसरू देत नाही. कागद चारा मागत नाही; परंतु खातो मात्र. दरसाल शेकडा आठ दराने वाढणारी रक्कम अठरा वर्षांत सुमारे चौपट होते. तेव्हा अठरा वर्षांपूर्वी दहा हजारांस घेतलेले भाग आज दहा हजारांस विकले गेले, तर “मुद्दल तरी सुटले” हे म्हणणे खरे नव्हे. तीस हजारांचा चारा त्या कागदाने मुकाट्याने खाल्लेला असतो. आणि तो चारा एकट्या मालकाचा नसतो. मुलीचे शिक्षण, गळके छप्पर, आईचे मोतिबिंदूचे शस्त्रकर्म, यांच्या वाट्यातून तो गेलेला असतो. थांबण्याचा निर्णय एकजण घेतो. थांबतात मात्र सगळे.

आता वैफल्याविषयी. मन वैतागले की आपण स्वतःस दोष देतो, अथवा “आशा सुटेना अन् देव भेटेना” म्हणून हसण्यावारी नेतो. आमच्या मते वैताग हा काही दुर्गुण नव्हे. काहीतरी तपासावयाचे राहिले आहे याची ती सूचना आहे. तिचा उपयोग दोन्ही टोकांनी वाईट होतो. कोणी संतापाच्या भरात पडेल त्या भावाने भाग फुंकून टाकतो. कोणी उलट, मन शांत व्हावे म्हणून प्रत्येक गोड बातमीवर विश्वास ठेवू लागतो. कॅनडातील ब्रे-एक्स कंपनीने इंडोनेशियातील बुसांग येथे अपरंपार सोने असल्याचे सांगितले, तेव्हा हजारो लहान गुंतवणूकदारांनी त्यावर विश्वास ठेवला. १९९७ च्या मे महिन्यात त्रयस्थ तज्ज्ञांनी स्वतः नमुने काढले आणि तेथे सोने नसल्याचे, नमुन्यांतच भेसळ झाल्याचे उघड झाले. तेव्हा बातमी गोड की कडू हे न पाहता, ती कोणी तपासली हे पाहावे.

मग करावे काय? ज्यांच्या घरी असे भाग आहेत त्यांनी एका कागदावर चार ओळी लिहाव्यात, अशी आमची विनंती आहे. हे भाग कोणत्या आशेने घेतले. ती आशा आजही त्याच जागी आहे की तिचे गाव बदलले. पुढे कोणती गोष्ट कोणत्या साली घडली तर थांबावयाचे आणि न घडली तर सोडावयाचे. आणि ही रक्कम समूळ बुडाली तरी घर चालेल की नाही. शेवटच्या ओळीचे उत्तर “नाही” असे आले, तर उरलेल्या तीन ओळी वाचण्याचे कारण नाही. गरजेपुरता पैसा तेथून काढावा. उत्तर “होय” असेल, तर मुदत येईपर्यंत खुशाल थांबावे आणि रोजचा भाव पाहणे सोडावे. कंपनीचा वार्षिक अहवाल मात्र न चुकता वाचावा आणि वार्षिक सभेत प्रश्न विचारावा. भागधारक मालक आहे. त्याने याचकासारखे ताटकळत बसण्याचे कारण नाही.

तो कागद पत्नीस व मुलांस दाखवावा. वारसाची नोंद करून ठेवावी. जुनी छापील प्रमाणपत्रे असतील तर ती डिमॅट करून घ्यावीत. १ एप्रिल २०१९ पासून तशा प्रमाणपत्रांवरील भाग दुसऱ्याच्या नावे विकून देता येत नाहीत, मृताच्या वारसाच्या नावे चढविण्याची वाट तेवढी राहिली आहे. संघाच्या तरुण मंडळींपैकी हिशेब तपासण्याच्या व्यवसायात असलेल्यांनी वर्षातून एक रविवार या कामासाठी दिला, तर अनेक घरांतील वृद्धांचे ओझे हलके होईल.

मुलांनाही एक शब्द. वडिलांनी ते भाग घेतले तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे तुमचेच भविष्य होते. हिशेब मागा, पण हिणवू नका. आणि वडीलधाऱ्यांस नम्र विनंती की, मुदत ठरविणे म्हणजे हार पत्करणे नव्हे. ज्या धीराला कसोटी आहे आणि शेवट आहे, तोच धीर. बाकीचा नुसता हट्ट होय. हट्टाची किंमत घराने द्यावी, हे आपल्या ज्ञातीच्या रीतीस शोभणारे नाही.

आपण सर्वांनी हे रुक्ष बोलणे इतक्या शांतपणे ऐकून घेतलेत, यातच आपल्या धीराची प्रचीती आली.