भाडेकरू गेला, पाटीवरचं नाव तसंच

आजचा विषय डीएचसीपी आणि डीएनएस. नावं ऐकून भाग बंद करू नका. ऑफिसात ज्याला सगळे ‘नेट गंडलंय’ म्हणतात, त्यातलं बरंचसं या दोघांमुळे झालेलं असतं. दोघं आपापलं काम चोख करतात, फक्त एकमेकांना विचारत नाहीत.

ठाण्या-डोंबिवलीत भाड्याने राहिलेल्यांना हे लगेच कळेल. आपल्याकडचं लीव्ह अँड लायसन्सचं ॲग्रीमेंट बहुतेक वेळा अकरा महिन्यांचं. मुदत संपली, रिन्यू केलं नाही, की घर दुसऱ्याला. डीएचसीपी हेच करतो. नेटवर्कवर आलेल्या मशीनला ठरावीक मुदतीसाठी आयपी पत्ता देतो, आणि त्या व्यवहाराला लीज म्हणतात. विंडोज सर्व्हरवर ही मुदत, कुणी बदलली नसेल तर, ८ दिवसांची असते. अर्धी मुदत झाली की मशीन स्वतःहून रिन्यू करायला जातं. सर्व्हर भेटला नाही तर ८७.५ टक्के मुदत सरल्यावर ‘कुणीही द्या’ म्हणत सगळ्या नेटवर्कला हाक मारतं. हे सगळं १९९७ च्या आरएफसी २१३१ मध्ये लिहिलेलं आहे आणि अजूनही तसंच चालतं.

आता सोसायटीच्या जिन्याखालची नावांची पाटी आठवा. दुसऱ्या मजल्यावरचे लोक चार वर्षांपूर्वी बदलापूरला गेले, पाटीवर नाव अजून त्यांचंच. ती पाटी म्हणजे डीएनएस. घर रिकामं झालं की पाटी आपोआप पुसली जात नाही, ती कुणीतरी पुसावी लागते. आपला घोळ इथे सुरू होतो.

डोंबिवलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबचं उदाहरण सांगतो. नाव सांगणार नाही, पण त्यांची दुसरी शाखा ठाण्यात आहे एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल. रक्त तपासायच्या मशीनला जोडलेला एक पीसी, त्याचं नाव लॅब-३. रिसेप्शनचं सॉफ्टवेअर या नावाने त्याला सॅम्पलची यादी पाठवतं. एक दिवस यादी जाणं बंद झालं. मग स्टाफने सॅम्पलचे नंबर हाताने टाकायला सुरुवात केली. सकाळी साडेसातला उपाशीपोटी आलेल्यांची रांग, आणि एकजण कागदावर बघून आकडे टाकतोय. एक आकडा चुकला की एकाची शुगर दुसऱ्याच्या रिपोर्टवर. म्हणून ‘दोन दिवस हाताने करा, मग बघू’ हे उत्तर इथे चालत नाही.

गंमत म्हणजे लॅब-३ ला पिंग केलं तर उत्तर येत होतं. त्यामुळे सगळ्यांचं एकमत झालं की नेटवर्क ठीक आहे, सॉफ्टवेअरवाल्याला बोलवा.

पिंगला उत्तर आलं म्हणजे त्या पत्त्यावर कुणीतरी आहे. आपल्याला हवा तोच आहे, असं नाही. मी अशा वेळी तीन ठिकाणी बघतो. रिसेप्शनच्या पीसीवर एनएसलूकअप करून लॅब-३ चा पत्ता विचारला: शेवटी ४७. मग लॅब-३ समोर बसून आयपीकॉन्फिग केलं: शेवटी ११२. मग सर्व्हरवर डीएचसीपीच्या लीजची यादी उघडली: ४७ वर वायफाय प्रिंटर. प्रिंटर बिचारा, कुणीही हाक मारली तरी ओ देतो! ‘एआरपी’ला स्पेस, डॅश, ए दिलं की शेजारच्या मशीनचे मॅक पत्ते दिसतात. त्यातल्या पहिल्या सहा आकड्या-अक्षरांवरून बनवणारी कंपनी कळते, आणि इथे ती प्रिंटरचीच निघाली.

झालं होतं असं. लॅब-३ चा मदरबोर्ड गेला म्हणून तो दहा-बारा दिवस दुरुस्तीला होता. आठव्या दिवसापर्यंत लीज संपली आणि ४७ प्रिंटरला मिळाला. पीसी परत आला तेव्हा विंडोज नव्याने टाकलेलं. डोमेनमधलं जुनं खातं डिलीट करून त्याच नावाने नवीन काढलेलं. आपल्याला नाव सारखं दिसतं, पण सर्व्हरच्या लेखी हा वेगळा माणूस. डीएनएसमध्ये सुरक्षित अपडेट चालू असेल तर जुन्या नोंदीचा मालक जुनं खातं असतं. नवा पीसी ती बदलायला गेला की त्याला नकार मिळतो. स्क्रीनवर काही दिसत नाही, फक्त इव्हेंट लॉगमध्ये एक ओळ पडते, आणि ती कोण वाचतो? जुनं खातं डिलीट न करता रीसेट केलं असतं तर हा प्रश्न आलाच नसता.

दुरुस्ती पाच मिनिटांची. जुनी नोंद काढली, लॅब-३ वर आयपीकॉन्फिग स्लॅश रजिस्टरडीएनएस, रिसेप्शनवर आयपीकॉन्फिग स्लॅश फ्लशडीएनएस. हे शेवटचं विसरलं तर रिसेप्शनचा पीसी जुनं उत्तर धरून बसतो. विंडोजने स्वतः नोंदवलेल्या नावाला साधारण २० मिनिटांची मुदत असते. आणि लॅब-३ ला रिझर्व्हेशन दिलं. ज्या मशीनवर लोकांचे रिपोर्ट अवलंबून आहेत, ते फिरत्या पत्त्यावर ठेवूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

जुन्या नोंदी झाडायला विंडोजमध्ये स्कॅव्हेंजिंग आहे, पण ते मुळात बंद असतं, आणि झोन व सर्व्हर अशा दोन्ही ठिकाणी चालू करावं लागतं. शिवाय त्याचे दोन कालावधी सात-सात दिवसांचे. म्हणजे लीज ८ दिवसांत संपते आणि पाटी पुसायला निदान १४ दिवस. मधल्या काळात पत्ता कुणाचाही. मी हे कालावधी चार-चार दिवसांवर आणतो. पण चालू करण्याआधी नोंदींच्या तारखा बघून घ्या, नाहीतर गरजेची नावंही झाडली जातील. हाताने घातलेल्या नोंदींना तारीख नसते, त्या कधीच झाडल्या जात नाहीत. त्या तुम्हालाच शोधाव्या लागतात.

हे छोट्या ऑफिसांचंच दुखणं आहे असं समजू नका. २० ऑक्टोबर २०२५, नरकचतुर्दशी, आपल्याकडे दुपारचे सव्वाबारा. अॅमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या क्लाउडमध्ये उशिरा धावलेल्या एका प्रोग्रॅमने डायनॅमोडीबीच्या डीएनएसवर जुनाच आराखडा चढवला. मग साफसफाई करणाऱ्या प्रोग्रॅमने तो जुना म्हणून पुसला, आणि नावासमोर पत्ताच उरला नाही. जगभरातली ॲप्स बसली. पुढे त्यांच्या सर्व्हरांच्या अंतर्गत लीजही संपत गेल्या. त्या लीज आयपीच्या नव्हेत, पण वाचताना मला लॅब-३ च आठवला.

हो, ठाण्याची शाखा राहिली. तिथे दुसरा डीएनएस सर्व्हर आहे. दोन साइटमधली नोंदींची देवाणघेवाण, सेटिंग बदललं नसेल तर, दर १८० मिनिटांनी होते. डोंबिवलीहून स्लो लोकलने माणूस अर्ध्या तासात ठाण्याला पोचतो, नोंद तीन तासांनी. त्यामुळे दुपारी ठाण्याहून फोन आलाच, ‘आमच्याकडे अजून प्रिंटरच दिसतोय.’ तिथल्या सर्व्हरवर हाताने रेप्लिकेशन करून घेतलं, आणि मग दोन्हीकडे ११२ दिसायला लागला.