बॅक्टेरियाला रविवार नसतो

"बायोकेमिकल इंजिनिअरिंग म्हणजे नेमकं काय गं?" प्रत्येक लग्नकार्यात मला हे विचारतात. आज एकदाच सांगून टाकते.

फ्लेमिंगला पेनिसिलिन सापडलं १९२८ मध्ये. पण लाखो रुग्णांपर्यंत पोचायला १९४० चं दशक उजाडलं. कारण बशीत बुरशी वाढवणं वेगळं आणि हजारो लिटरच्या टाकीत वाढवणं वेगळं. लिटरभर पाण्यात हवेतला ऑक्सिजन विरघळतो जेमतेम ७-८ मिलिग्रॅम. टाकीतले जीव तो बघता बघता संपवतात. मग सतत हवा सोडा, ढवळा, तापमान सांभाळा. हे सगळं गणित म्हणजे आमची डिग्री! आपल्या पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये पेनिसिलिन बनलं, तेही याच गणितावर.

आता लॅब. ई. कोलाय ३७ अंशांना, खाणं भरपूर असेल तर, साधारण २० मिनिटांत दुप्पट होतात. त्यांना रविवार-बिविवार कळत नाही. वाढीचा आलेख काढायचा तर ठरल्या वेळी नमुना काढायचाच.

म्हणून दुसऱ्या वर्षी घरचे म्हणाले, "तबला बंद कर आता." मी नाही केला, रियाज पहाटेवर नेला. दोन रीडिंगच्या मधे न कंटाळता थांबायचं कसं, हे मला विलंबित लयीनंच शिकवलंय.

ॲडमिशन घेताय? मग कॉलेजात एवढं नक्की विचारा: फर्मेंटर विद्यार्थ्यांना स्वतः चालवायला मिळतो का? आणि छंद सोडू का, हे मात्र कुणालाच विचारू नका.

चला, भेटू पुढच्या भागात!