धर्माचा रकाना आणि जातीचा रकाना

(धम्मदीक्षा समारंभानंतर बुद्धविहारात केलेले भाषण)



आज आपण त्रिशरण, पंचशील व बावीस प्रतिज्ञा ग्रहण केल्या. समारंभ आटोपताच एका मातेने मला बाजूस घेऊन विचारले, "दादा, आम्ही बौद्ध झालो खरे, पण पोराच्या नोकरीच्या अर्जात हिंदू लिहायचे की बौद्ध?" हा प्रश्न त्या एका मातेचा नव्हे. म्हणून त्याचे उत्तर सर्वांसमक्ष देतो.

ही भीती निराधार जन्मलेली नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने, पंजाबातील काही शीख जाती वगळता, हिंदूखेरीज अन्य धर्म मानणाऱ्यास अनुसूचित जातींतून वगळले. १९५६ साली शीखांचा सरसकट समावेश झाला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबर रोजी नागपुरास बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. परंतु बौद्ध मात्र बाहेरच राहिले.

याचा परिणाम पाहा. १९६२ च्या विधानसभा निवडणुकीत राखीव जागेवरून निवडून आलेल्या मेश्राम यांचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. घटनेच्या २५ व्या अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणात 'हिंदू' शब्दात बौद्धही येतात, असा युक्तिवाद झाला. १९६४ साली न्यायालयाने तो अमान्य केला: ते स्पष्टीकरण मर्यादित कामापुरते असून, उघडपणे बौद्ध झालेला मनुष्य या आदेशाच्या दृष्टीने हिंदू राहत नाही. बौद्ध हा हिंदू नव्हे, हे आपले म्हणणे न्यायालयाने मान्य केले आणि त्याच मान्यतेपायी आपला माणूस आमदारकीस मुकला!

महाराष्ट्र राज्याने १९६० साली नवबौद्धांना सवलती दिल्या. केंद्राचे दार मात्र बंदच होते. मनाने बौद्ध असलेली कितीतरी कुटुंबे कागदावर हिंदू राहिली. त्यांना मी दोष देत नाही. उपाशी पोराच्या बापास धर्मनिष्ठेचे धडे देणे सोपे असते. अखेर १९९० साली कायदा होऊन त्या आदेशात 'बौद्ध' हा शब्द आला. धम्मदीक्षेनंतर ३४ वर्षांनी!

तेव्हा मातेस माझे उत्तर असे: धर्माच्या रकान्यात निःशंकपणे 'बौद्ध' लिहा. हिंदू लिहिल्याने काही मिळत नाही. उलट खोटेपणा पदरी येतो. २६ नोव्हेंबर २०२४ रोजी, ख्रिस्ती धर्म पाळून दाखल्यासाठी स्वतःस हिंदू म्हणविण्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असा दाखला नाकारला. आपणही त्यापासून बोध घ्यावा.

आता दुसरा रकाना. तरुण विचारतात, "जात टाकली, मग ती लिहायची कशाला?" बंधूंनो, धर्माचा रकाना आपण काय मानतो हे सांगतो, जातीचा रकाना समाजाने आपल्याशी कसे वर्तन केले हे सांगतो. अनुसूचित जातींची यादी ही जातींचीच यादी आहे. म्हणून केंद्राच्या नोकरीकरिता दाखल्यावर मूळ जातीचा उल्लेख लागतो. तो श्रद्धेचा उच्चार नव्हे, अन्यायाचा पुरावा आहे.

पुरावा म्हटला की कागद आला. महाराष्ट्राच्या २००० च्या जात पडताळणी कायद्यानुसार दावा सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर आहे. १० ऑगस्ट १९५० पूर्वीची आजा-पणजाची शाळेची नोंद किंवा जन्म-मृत्यूच्या नोंदवहीतील उतारा आजच शोधून ठेवा. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, जातीचा दावा अवैध ठरल्यास त्यावर मिळविलेली नोकरी, कितीही वर्षे झाली तरी, टिकत नाही. पोराला नोकरी लागल्यावर कागदांसाठी धावाधाव करण्याची पाळी आणू नका.

एक गोष्ट आणखी. दलित ख्रिस्ती व दलित मुस्लिम हाच हक्क मागत आहेत; त्याच्या विचारार्थ केंद्राने २०२२ साली न्या. बालकृष्णन आयोग नेमला. कोणी आपला वाटा कमी होईल असे सांगून भिववील. ज्यांनी ३४ वर्षे दाराबाहेर काढली, त्यांनी दुसऱ्याच्या तोंडावर दार लावण्यापूर्वी आपले दिवस आठवावेत.

आज घरी गेल्यावर जुनी पेटी उघडा, आजोबांचा कागद काढून जपून ठेवा आणि मुलाच्या अर्जावर स्वच्छ अक्षरांत लिहा: बौद्ध. हात कापू देऊ नका.

नमो बुद्धाय. जय भीम.