मुलांची वाढ आणि वजन-उंचीचा तक्ता
(पालक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा सारांश)



मुलाचे प्रगतिपुस्तक घरी आले की आपण प्रथम गणिताचे गुण पाहतो. त्याच पुस्तकात वजन आणि उंचीही लिहिलेली असते. तिकडे आपल्यापैकी कितीजणांचे लक्ष जाते? आज मी त्या दोन आकड्यांविषयीच बोलणार आहे.

माझ्या पाचवीच्या वर्गातील एका मुलीचे वजन जूनमध्ये २४ किलो होते. जानेवारीतही ते २४ च भरले. मी तिच्या आईला बोलावले. त्या म्हणाल्या, "सर, आमच्या खानदानात सगळेच बारीक आहेत."

हे उत्तर कितपत खरे आहे? जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतील बालकांची मोजमापे घेतली. आपल्याकडील बालके दक्षिण दिल्लीतील होती. आईचे दूध, पुरेसा आहार आणि स्वच्छता मिळालेली ही बालके पाच वर्षांपर्यंत उंचीने जवळजवळ सारखीच वाढली. त्यावरून २००६ साली लहान मुलांचे तक्ते निघाले. ५ ते १९ वर्षांसाठीचे तक्ते २००७ साली निघाले. आनुवंशिकतेचा वाटा असतोच. पण सारा दोष खानदानाच्या माथी मारता येणार नाही.

आता तक्ता कसा वाचावा ते पाहू. दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाची मध्यम उंची सुमारे १३८ से.मी. आणि वजन सुमारे ३१ किलो दिले आहे. याहून कमी भरला म्हणजे मुलगा नापास झाला, असे नव्हे. निरोगी मुलांपैकीही निम्मी या आकड्याच्या खालीच असतात. मात्र उंची १२५ से.मी.च्याही खाली असेल, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

तक्ता वयावर चालतो, म्हणून जन्मतारीख खरी हवी. आपल्यातील कित्येक वडीलधाऱ्यांची जन्मतारीख १ जून आहे. शाळेत नाव घालताना ती तशी लिहिली गेली! मुलांच्या बाबतीत असे होऊ देऊ नका.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एकदाच मोजून भागत नाही. वयात येण्यापूर्वी शाळकरी मूल वर्षाला साधारण ५ ते ६ से.मी. आणि २ ते ३ किलो वाढते. ही वाढ थांबली, तर तो इशारा समजावा. वजन एकाएकी फार वाढले, तरीही तो इशाराच होय.

त्या मुलीची आई बोलता बोलता म्हणाली, "सकाळी पाणी भरण्यात वेळ जातो, ती चहा पिऊनच शाळेत येते. अंडे असले तर भावाला देते मी." डॉक्टरांना दाखविले, तेव्हा पोटात जंत आणि अंगात रक्त कमी निघाले. औषध झाले, सकाळची भाकरी सुरू झाली, अंड्याचे दोन वाटे झाले. पुढच्या जूनमध्ये वजन २७ किलो भरले.

पालकहो, वर्षातून तीनदा मुलांचे मोजमाप करा. पायांत चप्पल नको, पाठीवर दप्तर नको, काटा शक्यतो एकच असावा. आकडे तारखेसह वहीत लिहून ठेवा. विद्यार्थी मित्रांनो, बुटक्या सोबत्याला चिडवू नका. आणि माता-भगिनींनो, ताटातील वाटा मुलाला आणि मुलीला सारखाच द्या. तुमच्या लेकीची वही ही त्याची साक्ष देईल.