शतायुषी फलंदाज : प्रा. दि. ब. देवधर
(ग्रंथालयाच्या शताब्दी महोत्सवात, थाटीपुर, ग्वाल्हेर येथे दिलेले भाषण)



शंभरी गाठणाऱ्या ग्रंथालयात एका शतायुषी अध्यापकाचे स्मरण व्हावे, हे उचितच होय. प्रा. दिनकर बळवंत देवधर यांचा जन्म १४ जानेवारी १८९२ रोजी पुण्यात झाला आणि २४ ऑगस्ट १९९३ रोजी, वयाची एकशे एक वर्षे पूर्ण करून त्यांनी जगाचा निरोप घेतला. पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृत शिकविणे हा त्यांचा व्यवसाय. क्रिकेट हा ध्यास. विद्या आणि खेळ यांचे वैर असते, हा समज त्यांनी आयुष्यभर खोटा ठरविला.

१९११ साली ते प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये उतरले. १९२६ साली गिलिगन यांच्या एम. सी. सी. संघाविरुद्ध मुंबईत त्यांनी १४८ धावा काढल्या. त्याच दौऱ्यात आपल्या शेजारच्या इंदूरशी नाते जडलेल्या सी. के. नायडूंनी १५३ धावा फटकावल्या होत्या. भारतीय फलंदाज इंग्रजांच्या तोडीस तोड आहेत, हे या दोन खेळ्यांनी दाखवून दिले.

तथापि २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्‌सवर भारताचा पहिला कसोटी सामना सुरू झाला, तेव्हा नायडू कर्णधार होते आणि चाळिशी उलटलेले देवधर संघात नव्हते. कसोटी खेळण्याचा मान त्यांना कधीच लाभला नाही. दुसरा एखादा कष्टी होऊन घरी बसला असता. देवधरांनी महाराष्ट्राचे नेतृत्व केले; १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकून दिला. याच काळात मुंबईविरुद्ध त्यांनी २४६ धावांची खेळी केली. १९४४ साली, बावन्नाव्या वर्षी, नवानगरविरुद्ध दोन्ही डावांत शतके झळकावली : १०५ आणि १४१!

त्यांच्या तारा, सुंदर व सुमन या कन्यांनी बॅडमिंटनमध्ये नाव कमावले. १९७३-७४ पासून देवधर करंडकाची स्पर्धा सुरू झाली आणि १९९१ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

याच ग्वाल्हेरात २४ फेब्रुवारी २०१० रोजी सचिन तेंडुलकरने पुरुषांच्या एकदिवसीय आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधील पहिले द्विशतक केले. त्या टाळ्यांमागे देवधरांच्या पिढीचे मूक श्रम उभे होते. हुकलेल्या संधीचा शोक न करता पुढचा चेंडू खेळावा, हा त्यांच्या जीवनाचा पाठ. पुढील शतकाकडे निघालेल्या या ग्रंथालयालाही तो शिदोरीसारखा पुरेल.